माळ्यावरची छर्ऱ्याची बंदूक

घरात एक बंदूक आहे हे आम्हा भावंडांना लहानपणापासून ठाऊक होते; पाहिली मात्र कोणीच नव्हती. मरहूम दादा गेले तेव्हा ती गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकली गेली. तिच्यावर जुन्या गाद्या आल्या, मोडका पाळणा आला, दावतीच्या पातेल्यांची झाकणे आली. गेल्या मे महिन्यात कौले परतायला माणसे लावली म्हणून माळा रिकामा करावा लागला, आणि पाळण्याखालून ते लांबट गाठोडे निघाले.

अब्बा कुवेतची नोकरी संपवून आता कायमचे घरी आले आहेत. त्या दिवशी पडवीत खुर्ची टाकून ते कौलवाल्यांवर देखरेख करीत होते. गाठोडे पाहून उठले आणि स्वतःच्या हाताने सुतळी सोडली. नळी गंजून तांबूस झाली होती, लाकडावर काळपट चिकटा होता, दस्त्याच्या टोकाला घुशीने कुरतडले होते. त्यांनी नळी खाली वाकवून पाहिली. ती अर्ध्यावर आली आणि कर्र करून थांबली.

"चालू होत असेल तर बघा," ते म्हणाले. मग खुर्चीकडे परत जाताना, "चमकवू नका."

पहिले वाक्य आम्ही दोघा भावांनी नीट ऐकले. दुसरे तेवढे नीट ऐकले असते तर हा लेख निम्म्यात आटोपला असता.

दादा बोटीवर होते. आमच्या खाडीकाठच्या गावांतून त्या काळी घरटी एखादा माणूस बोटीवर असायचाच. कोणी तिकडून घड्याळ आणी, कोणी रेडिओ, कोणी चिनी मातीच्या बश्या. दादांनी हॅम्बुर्ग बंदरातून ही छर्ऱ्याची बंदूक आणली. तिच्यावर 'डायना, मॉडेल २७' अशी अक्षरे आहेत. जर्मनीतल्या रास्टाट गावचा हा कारखाना १८९० सालचा. त्याची खूण म्हणजे धनुष्यबाण टाकून देऊन बंदूक उंच धरलेली शिकारीची रोमन देवी. आमची दादी हयात असेपर्यंत तिला 'जर्मनवाली' म्हणायची आणि बंदूक भिंतीला लावताना तिचे तोंड भिंतीकडे करायला सांगायची.

या नावाची एक गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्याची यंत्रे आणि 'डायना' हे नाव दोन्ही ब्रिटनकडे गेले आणि स्कॉटलंडमधली एक कंपनी त्या नावाने बंदुका काढू लागली. जर्मन कारखाना पुन्हा उभा राहिला, पण ब्रिटनमध्ये आपला माल त्याला 'ओरिजिनल' या नावाने विकावा लागे. अमेरिकेत हीच बंदूक 'विंचेस्टर ४२७' होऊन गेली. म्हणजे दादांची बोट हॅम्बुर्गऐवजी लंडनला लागली असती, तर आमच्या घरातल्या जर्मनवालीवर दुसरेच नाव असते. नळकांड्याच्या मागच्या बाजूला बारीक आकडे ठोकलेले असतात, महिना आणि साल. आमच्यावर चौथा महिना आणि ६८ आहे. तुमच्या घरी अशी एखादी असेल तर तेवढी जागा तेलाच्या फडक्याने हलकेच पुसून पाहा.

हात लावण्याआधी आम्ही एक गोष्ट तपासली, ती सर्वांनीच तपासावी. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ज्या हवेच्या बंदुकीची नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा रुंद आहे, किंवा जिच्या छर्ऱ्याची ऊर्जा नळीच्या तोंडाशी २० ज्यूलपेक्षा जास्त आहे, तिला परवाना लागतो. आमची ४.५ ची आहे आणि जोरही त्या मर्यादेच्या बराच आत. याच मॉडेलची साडेपाच मिलिमीटरचीही बंदूक निघत असे. ती हाती लागली तर दुरुस्तीच्या आधी पोलीस ठाण्यात चौकशी करणे बरे.

काम पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात काढले. दस्ता लोखंडी भागापासून वेगळा करणे सोपे असते, पुढे दोन आणि चापाच्या कडीपाशी असे मोजके स्क्रू. मात्र स्क्रू ड्रायव्हरचे पाते खाचेत घट्ट बसले पाहिजे, नाही तर खाच झिजते आणि मग तो स्क्रू जन्मभर चुगली करतो. आम्ही आधी पात्याला कानस मारून घेतली, दोन दिवस स्क्रूंना तेल पाजले, मग ते निमूट सुटले. आतल्या स्प्रिंगसाठी सुताराकडचा मोठा क्लॅम्प हवा होता आणि सुतार लग्नाच्या फर्निचरच्या कामात होता. म्हणून आम्ही म्हटले, तोवर लाकूड उरकून घेऊ.

लाकूड बीचचे आहे, जर्मन बंदुकांना बहुधा तेच असते. एका ठिकाणी दस्ता आपटून खळगा पडला होता. तो काढायची युक्ती इतकी घरगुती आहे की भाभीने ती आमच्या आधी ओळखली. ओले फडके चौपदरी करून खळग्यावर ठेवायचे आणि वरून गरम इस्त्री टेकवायची. वाफ लाकडात शिरते, दबलेले तंतू फुगतात आणि खळगा वर येतो. तीन-चार वेळा केले आणि नखाएवढा खळगा बोटाला लागेनासा झाला. तंतू दबलेले असतील तरच हे साधते. तुटलेले, कुरतडलेले असतील तर इस्त्री काही करू शकत नाही. घुशीचे दात अजून आहेत तिथेच आहेत.

या यशाने आम्ही चढलो. चिपळूणहून पॉलिश पेपर आणला होता, १८० नंबरचा, २४० चा आणि ३२० चा. काळपट चिकटा घासला की खालून मधासारखे लाकूड निघत होते. आपल्या हाताखाली जुनी वस्तू नवी होताना पाहण्याची एक नशा असते. घासत घासत दस्त्याच्या खालच्या कडेला आलो. तिथे काही ओरखडे होते, आम्हाला ते घुशीचेच वाटले. निम्मे गेल्यावर उजेडात धरून पाहिले तेव्हा कळले की ते आकडे आहेत. खिळ्याच्या टोकाने कोरलेले. शेवटचे तीन शाबूत, त्याआधीच्यांची नुसती सावली.

कोणाच्या हाताने गेले ते इथे सांगत नाही. काम दोघांचे, चूकही दोघांची.

अब्बांना दाखवणे भाग होते. त्यांनी चष्मा पुसला, दस्ता उलटा धरला, अंगठा फिरवला. रागावले नाहीत. त्याने आम्हाला जास्त लागले. आत जाऊन त्यांनी दादांची पत्र्याची पेटी ओढून काढली. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने एक नंबर लिहिला होता, शेवटचे तीन आकडे तेच. दादांच्या जहाजी नोकरीच्या पुस्तकाचा नंबर. एका दालनात वीसवीस खलाशी झोपत, सर्वांच्या पेट्या सारख्या, ताटल्या सारख्या, म्हणून प्रत्येक जण आपल्या चीजवस्तूवर आपला नंबर घालून ठेवी. दादांना सही करण्यापुरते लिहिता येत होते. आकडे मात्र ते सुबक काढीत, असे अब्बा म्हणाले.

आमच्यापैकी एकाने लगेच तोडगा काढला: पूर्ण नंबर आता मिळालाच आहे, तर पुसलेले आकडे पुन्हा कोरून टाकू. खिळा घेऊन त्याच वळणाने कोरले तर कोणाला कळणार? अब्बा म्हणाले, "मला कळेल. पेटीवरचा त्यांच्या हातचा आहे. इथे कोराल तो तुमच्या हातचा होईल." अम्मीचे मत वेगळे होते. तिच्या मते वस्तू घरची, हातही घरचेच, कोरून टाकावा. या प्रश्नावर आमच्या घरात आजही दोन तट आहेत. आकडे तीनच राहिले.

त्यानंतर पॉलिश पेपर आम्ही लोखंडाला लावला नाही. घासलेल्या लाकडाला जवसाच्या उकळलेल्या तेलाचे पातळ हात दिले; रंगाच्या दुकानात हे 'डबल बॉइल्ड' म्हणून मिळते. हात द्यायचा, पंधरा मिनिटांनी जास्तीचे सगळे पुसून काढायचे, एक-दोन दिवस वाळू द्यायचे, पुन्हा हात. आम्ही सहा दिले. पावसाळ्यात हे काम काढू नये, तेल आठवडाभर चिकटच राहते. आणि एक गोष्ट जपा: या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळा केलेले फडके आपोआप पेटू शकते. आम्ही ती दोरीवर मोकळी वाळवली आणि मग पुरली.

सुताराचा क्लॅम्प मिळाला तेव्हा आतले काम सुरू झाले. छर्ऱ्याच्या बंदुकीत दारू नसते, गॅस नसतो. नळी वाकवली की एक दांडी पिस्टनला मागे ढकलते, त्यामागची जाड स्प्रिंग दबते आणि पिस्टन अडकून राहतो. चाप ओढला की पिस्टन सुटून पुढे धावतो, समोरची हवा दाबतो आणि ती हवा बारीक भोकातून छर्ऱ्यामागे घुसते. पिस्टनच्या तोंडाशी वाटीच्या आकाराचा चामड्याचा वायसर असतो. तो वाळून आक्रसला की हवा बाजूने निसटते आणि बंदूक नुसती ठक् करते. बहुतेक जुन्या बंदुका मेलेल्या नसतात, त्यांचा वायसर वाळलेला असतो.

स्प्रिंग बंदूक न भरताही थोडी दाबलेलीच असते, म्हणून क्लॅम्पशिवाय मागचा भाग काढायचा नाही आणि काढताना तोंड तिच्या रेषेत ठेवायचे नाही. क्लॅम्प आवळला, सुंब्याने दोन आडव्या पिना बाहेर ठोकल्या, मग क्लॅम्प एकेक वेढा सैल केला. या मॉडेलची खासियत म्हणजे तिचा चाप. पिस्टनच्या दांड्याला तीन पोलादी गोळ्या पकडून ठेवतात, चाप ओढला की तिघी एकदम बाजूला होतात. म्हणून चाप इतका हलका. हे आम्ही वाचले होते. तरीही गोळ्या घरंगळायच्या त्या घरंगळल्याच. दोन पाटावर सापडल्या. तिसरीसाठी सगळे घर गुडघ्यावर आले. जुन्या स्पीकरचे लोहचुंबक सुतळीला बांधून ते कपाटाखालून फिरवायची कल्पना दहा वर्षांच्या पुतणीची, आणि गोळी तिनेच काढली. तेव्हापासून बंदुकीत आपलाही हिस्सा आहे असे ती सांगते.

स्प्रिंग आम्ही फरशीवर लोळवून पाहिली. सरळ लोळली, म्हणजे वाकलेली नव्हती; धुऊन तीच परत घातली. वायसरचा मात्र भुगा हातात आला. परदेशातून नवा मागवता येतो, पण चामड्याचा वाटीसारखा वायसर आपल्याकडेही परका नाही. रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात तोच, सायकलच्या पंपात तोच. बाजारपेठेतल्या जुन्या स्टोव्हवाल्याचा स्टोव्हचा धंदा कधीच बसला आहे, आता तो गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो. जुना तुकडा पाहताच त्याने खणातून चामडे काढले. मापापेक्षा मोठी चकती कापली, पाण्यात भिजवली, आमच्या नळकांड्याच्या आतल्या मापाच्या पाइपाच्या तुकड्यात बोल्टने दाबून बसवली आणि म्हणाला, दोन दिवस सावलीत राहू द्या. वाळल्यावर कड ब्लेडने सारखी केली. तेलात मुरवायला त्याने खोबरेल सुचवले. ते आम्ही टाळले, थंडीत थिजते आणि पुढे चिकट होते. नवे इंजिन ऑइल वापरले, रात्रभर. पैसे विचारले तर म्हणाला, चालली की सांगायला या.

राहिली नळी. गंज काढायचा म्हटले की लोक व्हिनेगर सांगतात. व्हिनेगर गंज खाते हे खरे, पण नळीचा मूळचा निळसर काळा रंग हासुद्धा लोखंडाचा ऑक्साइडच असतो, तोही खाते, आणि लोखंड राखाडी उघडे पडते. आकडे गमावलेल्या माणसांना हे परवडणारे नव्हते. दुसरा उपाय आहे: गंजलेला भाग पाण्यात उकळायचा. उकळत्या पाण्यात तांबडा गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो, वरचा भुसभुशीत काळा थर स्टील वूलने हलकेच निघतो आणि खालचा मूळ रंग जिथे शिल्लक असेल तिथे राहतो. आधी एका जुन्या गंजक्या खिळ्यावर करून पाहिले. अर्ध्या तासात खिळा काळा.

नळी दोन वितींहून जरा कमी. अम्मीच्या मोठ्या डेगेत ती सहज मावली असती. तशी विनंती आम्ही केली आणि तिचे उत्तर छापण्यासारखे नाही. शेवटी जुन्या पन्हाळीचा तुकडा दोन्हीकडून बंद करून घेतला, परसात तीन चिऱ्यांवर ठेवला आणि पावसाचे साठवलेले पाणी ओतले. विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांचे डाग पडतात. नळीच्या बुडाशी असलेली चामड्याची कडी आधी काढून घेतली होती. अर्धा तास उकळली, गरम असतानाच कोरडी केली, चार शून्य नंबरच्या स्टील वूलने पुसली, तेल लावले. दोनदा केले. गोणपाट जिथे चिकटले होते तिथले खड्डे राहिले आहेत, आणि नळी लांबून पाहिली तर ठिपक्याठिपक्यांची काळी दिसते. जर्मनवाली तशीच आहे, फक्त चेहरा थोडा पुसट.

सगळे जोडून झाले त्या रविवारी अब्बांनी नियम सांगितले. नळी वाकवलेली असताना तिच्यावरचा हात सोडायचा नाही. चाप चुकून ओढला गेला तर ती उसळून बोटे मोडते. छर्रा न घालता चाप ओढायचा नाही, समोर हवेची उशी न मिळाल्याने पिस्टन लोखंडावर आदळतो. भरून ठेवायची नाही. चष्म्याशिवाय कोणी उभे राहायचे नाही. छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय नाश्त्याला बसायचे नाही. चिऱ्याच्या गडग्यासमोर लाकडी खोके ठेवले, त्यात रद्दी ठासली, पुढे कागद. दहा पावले.

पहिल्या बारला नळीतून धूर आला आणि फटाक्यासारखा आवाज झाला. आम्ही घाबरलो. अब्बा हसले. वायसरमधले जास्तीचे तेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटते, डिझेलच्या इंजिनात होते तेच. सात-आठ बारांनंतर धूर थांबला. मग नळीच्या सांध्याजवळ पातळ कागदाचा कपटा धरून पाहिला. बार झाला तेव्हा तो हलला नाही, म्हणजे हवा तिथून निसटत नव्हती.

अब्बांचा डावा डोळा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चांगला झाला आहे, उजव्याचे व्हायचे आहे. त्यांनी बंदूक डाव्या खांद्याला लावली, म्हणाले सवय नाही, आणि पाचांपैकी तीन कागदावर मारले. मग बसून सांगू लागले. दादा सुट्टीवर आले की सकाळी आंब्याच्या बागेत जात आणि अब्बा सुरी घेऊन मागे. छर्ऱ्याच्या माराने मेलेले पाखरू खाणे जायज नाही, जिवंत हाती आले तरच जबह करायचे, म्हणून होला पडला की पोराने धावायचे. बहुतेक वेळा पोहोचेपर्यंत उशीर झालेला असे. मग दादा तो होला तिथेच पुरीत आणि घरी येईपर्यंत बोलत नसत. काही वर्षांनी त्यांनी पाखरांवर बंदूक धरणेच सोडले, करवंट्या टांगून नेम धरीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याची त्यांना खबर होती का, अब्बांना ठाऊक नाही. आज तर होला मारणे सरळ गुन्हा आहे. अरुणाचल प्रदेशात २०२१ पासून सरकारने गावोगावी अशा बंदुका जमा करून घ्यायची मोहीम काढली आणि लोकांनी त्या हजारांनी आणून दिल्या, इतकी तिथली जंगले मुकी झाली होती.

शेजारचे काका दुसऱ्याच दिवशी आले. बार ऐकला होता. वांदरे नारळ ठेवत नाहीत, चार दिवस बंदूक द्या म्हणाले. त्यांचे नुकसान खरे आहे, आमचेही होते. पण छर्ऱ्याने वांदर मरत नाही, छर्रा आत राहतो आणि जखम चिघळत जाते. अब्बांनी त्यांना चहा दिला, बंदूक दिली नाही. काका जरा नाराज आहेत.

पुतणीने मात्र विषय सोडलेला नाही. अभिनव बिंद्राने २००८ साली ज्या प्रकारात सुवर्णपदक घेतले त्या १० मीटर एअर रायफलची नळीही ४.५ मिलिमीटरचीच असते, आणि तिथे दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, हे तिने शाळेतून शोधून आणले. अर्धा मिलिमीटर म्हणजे किती ते पट्टीवर पाहून ती गप्प झाली. दर रविवारी अब्बांच्या देखत तिला दहा छर्रे मिळतात. परवा कागद आणून दाखवला, दहापैकी सहा काळ्यात. बंदूक आता कापडात न गुंडाळता अब्बांच्या खोलीत उंच खुंट्यांवर असते, महिन्यातून एकदा तेलाचा हात. छर्ऱ्यांचा डबा अम्मीच्या कपाटात, किल्ली तिच्या कमरेला. स्टोव्हवाल्याला सांगून आलो. तो म्हणाला, वायसर दोन पावसाळे टिकेल, मग या.